दुसऱ्यांदा वयात येताना

तूप खाल्ल्याबरोबर रूप येत नाही ही आपल्याकडची जुनी म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली, त्याच्या ध्यानीमनीही संप्रेरकांचा विचार असण्याचा संभव नाही. परंतु जन्माच्या दाखल्यावर मुलगा अशी नोंद झालेली आणि मनाने मात्र जाणत्या वयापासून स्त्री असलेली पारलिंगी व्यक्ती जेव्हा स्त्रीसंप्रेरकांचा उपचार सुरू करते, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत तिला ह्या म्हणीइतके उपयोगी पडेल असे दुसरे वचन क्वचितच सापडेल. त्वचा मऊ होते, अंगावरची लव विरळ होते, दाढी व आवाज मात्र ह्या औषधांना दाद देत नाहीत. ह्या सर्व गोष्टी ती ऐकून घेते, आणि मग थोडे थांबून, बहुधा खाली पाहून, जो प्रश्न विचारते तो एकच असतो: छाती कधी भरेल, आणि किती? त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे समजून घेतले पाहिजे की येथे औषध एखाद्या रोगावर चाललेले नसून, मुलीचे शरीर दहाव्या-बाराव्या वर्षी ज्या क्रमाने वयात येते तोच क्रम पंचविशीत किंवा चाळिशीत नव्याने आरंभत असतो.

ह्या इमल्याची पायाभरणी प्रत्येक पुरुषाच्या देहात आधीच झालेली असते. गर्भ अवघ्या काही आठवड्यांचा असताना, त्याच्या वृषणांनी आपले संप्रेरक स्रवण्यास आरंभ करण्यापूर्वीच, छातीवर स्तनाग्रांच्या जागा मुक्रर होतात. म्हणूनच पुरुषाला ज्यांचा काडीइतकाही उपयोग नाही अशी स्तनाग्रे त्याला जन्मभर असतात, आणि त्यांच्या मागे थोड्याशा दुग्धनलिकाही निपचित पडून असतात. तेरा-चौदा वर्षांच्या पुष्कळ मुलांच्या छातीत काही काळ एक दुखरी गाठ येते, आई घाबरते, मुलगा लाजेने सदरा काढीनासा होतो, आणि वर्षा-दोन वर्षांत ती गाठ आपोआप विरून जाते. ती ह्याच नलिकांची क्षणिक जाग असते. पुढे पुरुषसंप्रेरकाचा अंमल बसला की ती पुन्हा निजते. उपचारात हा अंमल उठवला जातो आणि इस्ट्रॅडिओल हे स्त्रीसंप्रेरक गोळी, मलम, पट्टी किंवा सुई ह्यांपैकी एका वाटेने दिले जाते. त्याच्या योगाने नलिका लांबतात, त्यांना फाटे फुटतात, भोवती मेद साठतो; आणि ह्या कामात मस्तिष्काच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे वाढसंप्रेरकही हातभार लावीत असते.

ह्या वाढीच्या पायऱ्या आज जगभरचे वैद्य ज्यांच्या नावाने ओळखतात ते जेम्स टॅनर हे इंग्रज बालवैद्य होते. लंडनजवळच्या हार्पेन्डेन येथील बालगृहातील मुलामुलींची वाढ त्यांनी वर्षानुवर्षे ठरावीक अंतराने मोजली, छायाचित्रे घेतली, आणि 1969 साली मार्शल ह्या सहकाऱ्यासह मुलींच्या वयात येण्याचा जो आलेख प्रसिद्ध केला, त्यात स्तनवाढीच्या पाच अवस्था सांगितल्या. सपाट छाती ही पहिली, स्तनाग्राखालचा उंचवटा ही दुसरी, आणि पूर्ण वाढ ही पाचवी. दुसरीपासून पाचवीपर्यंत पोहोचावयास मुलींना सरासरी चार वर्षे लागत असल्याचे त्यांना आढळले, आणि काहींना त्याहून कितीतरी अधिक. पारलिंगी स्त्रीच्या बाबतीत आरंभ उपचारानंतर तीन ते सहा महिन्यांत होतो आणि दोन ते तीन वर्षांत वाढ आपल्या मर्यादेला पोहोचते, असा हिशेब मार्गदर्शक ग्रंथांत दिलेला असतो. जी गोष्ट सख्ख्या बहिणीला चार वर्षांत मिळाली ती आपल्याला चार महिन्यांत मिळावी ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून असली, तरी देहाला हे घड्याळ ठाऊक नसते.

आरंभ कसा होतो हे जवळून पाहण्यासारखे आहे. एके सकाळी अंघोळ करताना टॉवेल छातीवरून फिरतो आणि स्तनाग्राखाली चिंचोक्याएवढी टणक चकती बोटांना लागते. ती एका बाजूला आधी येते, दुसरीकडे काही दिवसांनी, आणि ह्या असमानतेने अकारण घबराट होते. वस्तुतः बारा वर्षांच्या मुलीतही असेच होते. मग ती दुखू लागते. खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा, बसमध्ये शेजाऱ्याचे ओझरते लागलेले कोपर, पालथे निजण्याची जन्माची सवय, ह्या सर्वांची एकाएकी तक्रार सुरू होते. ज्या दुखण्याचे इतक्या आतुरतेने स्वागत होते असे दुखणे वैद्यकात दुसरे असेल असे मला वाटत नाही.

आता किती, ह्या प्रश्नाकडे वळू. ॲम्स्टरडॅम, गेन्ट आणि फ्लॉरेन्स येथील रुग्णालयांनी 229 पारलिंगी स्त्रियांच्या छातीचे माप उपचाराच्या पहिल्या वर्षात नियमाने घेतले आणि 2018 साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मापाची पद्धत आपल्या पोलक्याच्या शिंप्याला अपरिचित वाटू नये अशी होती: मापपट्टीचा एक वेढा स्तनाग्रांवरून, दुसरा स्तनांच्या खालून, आणि दोहोंतील अंतर म्हणजे वाढ. वर्षअखेर हे अंतर सरासरी 8 सेंटिमीटरांच्या आसपास भरले, म्हणजे जवळजवळ निम्म्या जणींना बाजारातील सर्वांत लहान मापाची काचोळीही सैल झाली असती. त्यातही वाढीचा मोठा भाग पहिल्या सहा महिन्यांत झाला होता. परंतु ह्या अभ्यासातील जी नोंद मला सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच आहे. रक्तातील इस्ट्रॅडिओलच्या पातळीवरून कोणाची वाढ किती होईल हे सांगता आले नाही. जिची पातळी अधिक तिची छाती अधिक, असा त्रैराशिकाचा संबंध तेथे आढळला नाही. आणि दोन गोळ्यांऐवजी चार घेतल्या तर दुप्पट लवकर भरेल ह्या समजुतीचा पायाच त्यामुळे उखडला जातो. पुढे त्रिमितीय छायाचित्रांच्या साहाय्याने तीन वर्षे मोजमाप घेतले तेव्हा वाढ पहिल्या वर्षानंतरही चालू राहते असे दिसले. जी वर्षभरात निराश होते ती अर्ध्या वाटेवरच हिशेब मिटवते, असे म्हणावयास हरकत नाही.

शिवाय डोळ्यांचीही थोडी फसवणूक असते. वयात येताना पुरुषसंप्रेरकाने रुंदावलेला छातीचा पिंजरा आणि खांदे मागाहून अरुंद होत नाहीत, स्तनाग्रांतील अंतरही अधिक राहते. म्हणून तेवढीच ऊती रुंद छातीवर थोडकी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ह्या थोडक्या ऊतीत उणेपणा नसतो. ॲम्स्टरडॅममध्ये 14 पारलिंगी स्त्रियांच्या स्तनऊती तपासून 2000 साली जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात नलिकांच्या टोकांशी दुधाच्या ग्रंथींचे गुच्छ धरलेले आढळले, जे पुरुषाच्या छातीत सहसा आढळत नाहीत. 2018 साली न्यूयॉर्कच्या वैद्यांनी तर एका तीस वर्षांच्या पारलिंगी स्त्रीची हकीकत नोंदवली, जिने औषधांच्या साहाय्याने दूध आणून आपल्या बाळाला पहिले सहा आठवडे केवळ अंगावर पाजले. प्रोजेस्टेरॉनने छाती गोलाई धरते असे पुष्कळ जणी खात्रीने सांगतात. अनुभवाचा मी अनादर करीत नाही, पण वैद्यकीय मार्गदर्शिकांनी अद्याप तशी शिफारस केलेली नाही.

खरा धोका उतावीळपणात आहे, आणि आपल्याकडे तो औषधाच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. माला-डी व सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन ह्या गर्भनिरोधक गोळ्या आपल्या देशातील अनेक तृतीयपंथीयांनी, कोणा गुरुबहिणीच्या सांगण्यावरून, दिवसाला दोन-दोन, चार-चार घेतलेल्या आहेत. त्यांच्यातील इथिनिल इस्ट्रॅडिओल हे देहातील नैसर्गिक संप्रेरक नव्हे. त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि ॲम्स्टरडॅममध्ये एके काळी हेच द्रव्य वापरात असता तो धोका ध्यानात येताच ते सोडून देण्यात आले. बरोबरच्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलमध्ये तर किंचित पुरुषी गुण असतो. जे घालवावयाचे तेच थोडे विकत घ्यावयाचे, असा हा उफराटा व्यवहार. जी सिगारेट ओढते किंवा जिची चाळिशी उलटली आहे तिने ह्या खेळात पडूच नये. पुरुषसंप्रेरक दाबणारी औषधेही निरुपद्रवी नाहीत: स्पायरोनोलॅक्टोनने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, आणि सायप्रोटेरोनच्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणाच्या गाठींचा धोका वाढतो, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी 2020 साली त्यावर निर्बंध घातले. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासण्याचा जो दंडक आहे तो ह्याच कारणाने.

आणखी एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करावी. औषध बंद केले की मेद सरकतो, त्वचा बदलते, परंतु एकदा आलेली स्तनऊती परत जात नाही. ती काढावयाची तर शस्त्रक्रियाच करावी लागते. पुढे कधी अपत्याची इच्छा होईल असे वाटत असेल, तर वीर्य साठवून ठेवण्याचा विचारही पहिल्या गोळीच्या आधीच करावयाचा असतो. उलट छाती वाढवण्याची शस्त्रक्रिया हवी असेल, तर निदान दोन वर्षे संप्रेरके घेऊन मगच ती करावी, कारण तोवर देहाचे स्वतःचे काम अपुरे असते. आणि जेथे स्तन आले तेथे त्यांच्या रोगाची चिंताही आली. नेदरलँड्समधील 2260 पारलिंगी स्त्रियांच्या नोंदी पाहता 15 जणींना स्तनांचा कर्करोग झाल्याचे 2019 साली प्रसिद्ध झाले. इतर स्त्रियांच्या मानाने हे प्रमाण कमी, पुरुषांच्या मानाने पुष्कळ अधिक. पन्नाशी उलटली आणि संप्रेरके घेऊन पाचएक वर्षे झाली, की इतर बायकांप्रमाणे दोन वर्षांनी एकदा छातीची क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

2019 साली संसदेने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्याच्या 15 व्या कलमात संप्रेरक उपचाराचा उल्लेख नावानिशी करून त्याची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकण्यात आली. तेव्हा ज्या वाचक भगिनीच्या पिशवीत आज एखादी ऐकीव गोळी असेल, तिने अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे जाताना त्या गोळीचे रिकामे पाकीट बरोबर न्यावे, आणि ती दिवसाला किती, व किती महिने घेतली, ते संकोच न करता सांगावे.