वल्ह्याची लाकडी होडी
(जीर्णोद्धार व शर्यत). फळ्या जोडून बांधलेली व वल्ह्यांनी चालविली जाणारी लहान नौका. मासेमारी, खाडीतील ये-जा व शर्यत हे तिचे प्रमुख उपयोग होत. जुनी होडी पुन्हा पाण्यात उतरविताना ती यांपैकी कोणत्या कामासाठी बांधली होती, हे प्रथम पाहावे लागते; कारण त्यानुसार दुरुस्तीची पद्धत बदलते.

पालघर जिल्ह्यातील (स्थापना २०१४) डहाणू व तलासरी या तालुक्यांत डहाणूची खाडी व झाईचा किनारा पश्चिमेस, तर सागाची वने पूर्वेस आहेत. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असल्याने ते सहसा कुजत नाही व त्यातील लोखंडी खिळेही लवकर गंजत नाहीत. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका जीर्णोद्धारानंतर आजही इंग्लंडमध्ये तरंगत आहे.

किनाऱ्यावरील होडीचा तळाचा कणा, त्यावर उभ्या केलेल्या वाकदार फासळ्या व बाहेरील फळ्या हे मुख्य भाग होत. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. कोरड्या हवेत फळ्या आकसून सांधे उघडतात. म्हणून जुन्या सांध्यांतील भरण काढून तेथे कापूस व राळ-तेलाचे मिश्रण ठोकून भरतात. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते व सांधे घट्ट मिटतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यात टेरेडो हा मृदुकाय प्राणी लाकूड आतून पोखरतो, त्यामुळे वरून धड दिसणारी फळीही ठोकून तपासावी लागते. कुजलेल्या सर्व फळ्या एकदम काढल्यास मूळ आकार बिघडतो. म्हणून आधी आडव्या छेदांची मापे घेऊन एकेक फळी बदलणे इष्ट ठरते. जुन्या बांधणीचा आराखडा बहुधा कागदावर नसतो. तो होडीच्या आकारातच असतो.

शर्यतीच्या होडीची गोष्ट वेगळी आहे. तिची काया लांब, अरुंद व पातळ लाकडाची असून वल्ही बाहेर काढलेल्या धातूच्या आधारांवर टेकलेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकत्या बैठकीचा प्रसार झाल्यावर वल्हेकऱ्याच्या पायांचे बळही वल्ह्यास मिळू लागले. अशा होडीचे लाकूड पाणी शोषून जड झाले, तर वेग घटतो. म्हणून ती पाण्यातून काढून पुसतात, छपराखाली ठेवतात व तिचे रोगण अभंग राखतात. मासेमारीच्या होडीला ओलावा जपतो, तर शर्यतीच्या होडीला कोरडेपणा.

महाराष्ट्रात या खेळाचे जुने केंद्र पुणे हे होय. तेथे रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ मध्ये व अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ मध्ये स्थापन झाला. आंतरराष्ट्रीय शर्यत २,००० मी. अंतराची असते व एकेरी होडीचे किमान वजन १४ किग्रॅ. असावे लागते. नासिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ याने २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये एकेरी प्रकारात तेरावा क्रमांक मिळविला.

काचतंतू व कार्बन तंतू यांच्या हलक्या नौकांमुळे दोन्ही क्षेत्रांत लाकूड मागे पडले. होडी दुरुस्त न होता वाळूत पडून राहिली, तर फळ्यांबरोबर तिचा आकारही नाहीसा होतो आणि ती पुन्हा बांधण्यास कारागिराजवळ आधार उरत नाही. म्हणून जीर्णोद्धारात मापे नोंदविणे हे नवे लाकूड बसविण्याइतकेच महत्त्वाचे काम मानावे लागते.