मान दुखायची थांबली, पण वळेना

आपल्या मराठीत ‘मान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ‘तो मान’ म्हणजे प्रतिष्ठा आणि ‘ती मान’ म्हणजे डोके पेलणारा अवयव. पहिल्यासाठी आपल्या समाजाने मोठा लढा दिला. दुसरीकडे मात्र ती दुखू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरीने बँकेतील लिपिक; वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार नाही. परंतु तीन वर्षांत आमच्या मानेने जे शिकविले, त्यानिमित्ताने जे वाचले आणि डॉक्टरांना विचारले, ते सभासद बंधू-भगिनींपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावेसे वाटते.

आमची जागा अशी की ग्राहक समोर, संगणकाचा पडदा डावीकडे, पासबुक छापण्याचे यंत्र उजवीकडे, आणि फोन आला की तो कान व खांदा यांच्यामध्ये दाबून हाताने काम चालू. मान धरली. गोळ्या झाल्या, शेकणे झाले, दोन महिने पट्टा बांधला. दुखणे थांबले आणि आम्ही विषय संपला असे समजलो. त्यानंतर काही दिवसांनी इंदोरा चौकात उजवीकडे वळताना मागे पाहावे म्हणून मान फिरविली, ती अर्ध्यावरच थांबली. मागून येणारा ऑटो दिसलाच नाही. चूक ऑटोवाल्याची नव्हती. गाडीवर मागे आमची कन्या बसली होती. तिचे कोपर खरचटले, एवढ्यावर निभावले. पण त्या रात्री झोप आली नाही. दुखत नव्हते, तरी मान का वळली नाही?

याचे उत्तर मानेच्या रचनेत आहे. मानेत सात मणके असतात. डोके डावी-उजवीकडे फिरते त्यातील जवळपास निम्मी हालचाल केवळ वरच्या दोन मणक्यांच्या सांध्यात होते. या मणक्यांना सांभाळणारे स्नायू ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक बाहेरचे, मोठे. आरशासमोर मान वळवून पाहा. कानामागून छातीच्या हाडापर्यंत उतरणारा जाड दोर दिसेल, तो यांपैकी एक. दुसरे आतले, लहान, अन्ननलिकेच्या मागे मणक्यांना चिकटून असलेले. मोठे स्नायू डोके हलवितात, तर लहान स्नायू दिवसभर कमी जोर लावून एकेक मणका जागेवर धरून ठेवतात. कार्यालयातील मुकाट्याने काम करणाऱ्या माणसांसारखे त्यांचे असते. ते रजेवर गेल्यावरच त्यांचे काम कळते.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात ग्वेंडोलिन जुल, डेबोरा फाला आदी संशोधकांनी या आतल्या स्नायूंचा अभ्यास केला. जुनाट मानदुखीच्या रुग्णाला उताणे झोपवून मानेखाली, रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यासारखी हवेची पिशवी ठेवतात. तिचा दाब २० वरून दोन-दोनने वाढवीत ३० पर्यंत न्यायचा, तोही केवळ हनुवटी हळूच खाली आणून. निरोगी माणसाला हे सहसा जमते. रुग्णांमध्ये आतले स्नायू कमी काम करतात आणि त्यांची उणीव बाहेरचे मोठे स्नायू भरून काढतात, असे त्यांना २००४ च्या प्रयोगात आढळले. हात झटकन उचलताना मानेचे स्नायू क्षणभर आधी सज्ज व्हावे लागतात. रुग्णांमध्ये तेही उशिरा जागे होतात. मोठे स्नायू सतत ताणलेले राहिल्याने थकतात, मान जड होते, हालचाल मंद आणि अडखळती होते. मुख्य गोष्ट ही की, दुखणे ओसरले म्हणून आतले स्नायू आपोआप कामावर परत येतातच असे नाही. पट्ट्याने आम्हाला आराम दिला, पण त्या काळात त्या स्नायूंना कामच उरले नव्हते.

आणखी एक गोष्ट. डोके कोठे आहे हे मेंदूला कळविण्याचे कामही मानेचे स्नायू करतात. जुनाट दुखण्यात ही बातमी चुकते. डोळे मिटून मान वळवा आणि पुन्हा बरोबर मध्यावर आणा, असे सांगितले तर अशा काही रुग्णांची मान भलतीकडेच थांबते. कित्येकांना भोवळल्यासारखे वाटते त्याचे हे एक कारण. शिवाय दुखेल या भीतीने आपण मान वळवायचेच टाळतो आणि खांदे, कंबर फिरवून भागवितो. आम्हीही बँकेत खुर्चीसकट वळत होतो. सहकारी हसत.

हे केवळ खुर्चीवाल्यांचे दुखणे नव्हे. कामठी-नागपूर-भंडाऱ्याकडे विडी वळणाऱ्या बायांना विचारा. मांडीवर सूप, तेंदूचे पान फरम्याने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, धागा बांधायचा, आणि मजुरी हजारावर. त्यामुळे मान वर करायला सवड नाही. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी या मजुरांना संघटित केले, १९३७ साली ते विधिमंडळावर निवडून गेले. मजुरीचा प्रश्न त्यांच्यामुळे वेशीवर आला. मानेचा प्रश्न मात्र मजुरांच्या घरातच राहिला. आमच्या मायने बरीच वर्षे विड्या वळल्या. ‘मान आखडली’ एवढेच ती म्हणे आणि रात्री तेल लावी.

विद्यार्थ्यांनी हे मोबाईलच्या संदर्भात वाचावे. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणित मांडले की, डोके सरळ असता मानेवर सुमारे पाच किलो भार येतो, तर ६० अंश वाकल्यावर तो २७ किलोच्या घरात जातो. हे कागदावरचे गणित आहे, त्याने घाबरून जाऊ नये. वाकणे हा काही गुन्हा नव्हे. अभ्यासिकेत तीन-तीन तास एकाच स्थितीत न हलता बसणे, हे अधिक वाईट. अर्ध्या तासाने उठावे, खांदे फिरवावे, पाणी प्यावे.

उपाय दिसायला फार किरकोळ आहे. आम्हाला फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकविला तो असा: उताणे पडावे, डोके न उचलता ‘हो’ म्हणतो तशी हनुवटी किंचित खाली न्यावी, दहा सेकंद धरावी, सोडावी, असे दहा वेळा. गळ्याचे दोर ताठ झाले तर जोर जास्त झाला, असे समजावे. पुढे मान हळूहळू वळविण्याचे व खांद्याचे व्यायाम येतात. पहिल्या आठवड्यात आम्हाला ही थट्टाच वाटली होती. साधारण सहा आठवड्यांनी मान खांद्याच्या रेषेजवळ जाऊ लागली.

मात्र हातात मुंग्या किंवा अशक्तपणा, हातातून वस्तू निसटणे, चालताना तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे, पडल्यानंतरचे दुखणे, अथवा दुखण्याबरोबर ताप व वजन घटणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम करीत बसू नये, मालिशवाल्याकडून मान मोडून तर मुळीच घेऊ नये. मणक्याचा क्षयही असा सुरू होऊ शकतो. सरळ डॉक्टरांकडे जावे. आपल्या मेडिकलमध्ये अस्थिरोग विभाग आहे, फिजिओथेरपीही आहे. रांग असते, पण रांगेत उभे राहिल्याने मान बिघडत नाही.

मायला हा व्यायाम दाखविला तेव्हा ती म्हणाली, “आता ‘हो’ म्हणून का होते?” तरी ती करते. रात्री जेवणाआधी आमच्या घरी सतरंजीवर तिघे ओळीने पडलेले असतात, माय, आम्ही आणि आमची कन्या, आणि आकडे मोजण्याचे काम कन्येकडे आहे.