दवाखान्याची चित्रपुस्तकं कशासाठी?

दवाखान्यावरची चित्रपुस्तकं म्हणजे मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवायची युक्ती, असा समज असतो. त्यांचं काम नेमकं उलट आहे. ती पूर्वपरिचय (पुढे काय घडणार ते आधीच क्रमाने दाखवणं) करून देतात. घाटातलं पुढचं वळण ठाऊक असलेला प्रवासी कमी दचकतो, तसंच हे.

मार्ग्रेट आणि एच. ए. रे यांचं ‘क्युरिअस जॉर्ज गोज टू द हॉस्पिटल’ (१९६६) बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयाच्या सहकार्याने तयार झालं. त्यात चित्रकोड्याचा तुकडा गिळलेलं माकड ॲडमिट होतं, त्याचा एक्स-रे निघतो. लुडविग बेमेलमन्स यांच्या ‘मॅडलिन’मध्ये (१९३९) तर नायिकेच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण आणि तिची खेळणी पाहून मैत्रिणींनाही ऑपरेशन हवंसं वाटतं. जरा अतीच, पण मुलांना हे चटकन पटतं!

वाचताना ‘काही दुखणार नाही’ असं मात्र सांगू नये. सुई टोचतेच, मग पुस्तकावरचा आणि आपल्यावरचाही विश्वास उडतो. ‘जरा टोचेल, मी हात धरून बसेन’ हे पुरेसं आहे. मूल एकाच पानावर अडलं, तेच तेच विचारू लागलं, तर पान उलटायची घाई करू नका.