डॉक्टर नाही झालो, तरी हॉस्पिटलात काम आहे

नीटचा निकाल लागतो, मार्क कमी पडतात आणि घरात शांतता पसरते. अम्मी गप्प, अब्बा गप्प. जणू हॉस्पिटलचा दरवाजाच बंद झाला. पण हॉस्पिटल काही एकट्या डॉक्टरांवर चालत नाही. आपल्याकडे फारसं बोललं न जाणारं एक काम आहे: आरोग्य क्षेत्रातलं मार्केटिंग आणि जनसंपर्क.

म्हणजे नेमकं काय? कोणते उपचार मिळतात, खर्च किती, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना इथे चालते का, हे लोकांपर्यंत पोहोचवायचं. शिबिरं भरवायची, पत्रकारांना माहिती द्यायची, वेबसाइट सांभाळायची, नाराज नातेवाइकांचं ऐकून घ्यायचं. लॅब, औषध कंपन्या, आरोग्य विमा आणि सामाजिक संस्थांमध्येही अशी माणसं लागतात.

मात्र साबण विकणं वेगळं आणि उपचारांबद्दल बोलणं वेगळं. मधुमेह, कॅन्सर अशा ठरावीक आजारांवर औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरांना जाहिरात करून पेशंट ओढता येत नाहीत, पेशंट पाठवण्याबद्दल कमिशनही देता-घेता येत नाही. काही ठिकाणी नेमकं हेच 'कट' पोहोचवायचं काम नव्या पोरांवर येतं. तिथे नाही म्हणायची हिंमत हवी. पेशंटची माहिती ही अमानत आहे. त्याला न विचारता फोटोसुद्धा टाकायचा नाही.

या कामाची खरी ताकद पोलिओच्या वेळी दिसली. पश्चिम उत्तर प्रदेशात डोसाने मूल होत नाही अशी अफवा होती, दारं बंद होत होती. तेव्हा मोहल्ल्यातल्याच बाया घरोघर गेल्या, इमामांनी मशिदीतून आवाहन केलं. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 ला आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. लस तीच होती, पण सांगणारं माणूस ओळखीचं होतं.

आपल्या मुलामुलींकडे मराठी, उर्दू, हिंदी अशा तीन भाषा घरातूनच येतात. घाबरलेल्या दादीला तिच्या बोलीत समजावणं सगळ्यांना जमत नाही.

बारावी कोणत्याही शाखेची चालते. पुढे मास मीडियाची पदवी घेता येते. पदवीनंतर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, अमरावतीचं भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र किंवा मुंबईच्या टिसमधलं हॉस्पिटल प्रशासन असे रस्ते आहेत. बी.फार्म. झालेल्यांना एमबीए करता येतं. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, टार्गेटचा ताणही असतो, हे आधीच समजून घ्यावं.

सुट्टीत जवळच्या हॉस्पिटलात महिनाभर इंटर्नशिप मागून पाहा. काम पटतंय का, ते तिथेच कळेल. आणि पालकांनो, निकालाच्या दिवशी मुलाला एवढंच सांगा: एक दरवाजा बंद झालाय, हॉस्पिटल नाही.