कचारगडच्या जत्रेतले बिल्ले आणि दुपट्टे

कचारगड हे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातले गुहांचे ठिकाण. हावडा-मुंबई लोहमार्गावर गोंदिया आणि डोंगरगड यांच्यामध्ये दरेकसा स्थानक लागते. तिथून जवळ धनेगाव, आणि धनेगावातून जंगलातली चढाची वाट. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा इथूनही माणसे येतात. जत्रेचे आजचे रूप तसे अलीकडचे. नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली (1949-2015) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात तिला चालना दिली तेव्हा येणारे मोजकेच होते. आता धनेगावच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी दुकाने लागतात.

गोंडी परंपरेनुसार कली कंकालीच्या 33 मुलांना शंभूने या गुहेत कोंडले आणि दारावर शिळा लावली. जंगो रायताडला त्या मुलांची दया आली. पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवायचे ठरवले. हिरासुका पाटालीरच्या किंगरीच्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आले, शिळा ढकलली गेली, पण तिच्याखाली हिरासुका गेला. सुटलेली मुले लिंगोची शिष्य झाली. पुढे त्यांच्यातून 12 सगा, म्हणजे कुळांचे गट, आणि 750 कुळे झाली, असे मानतात. म्हणजे कचारगडला येणारा माणूस नुसते स्थळ पाहायला आलेला नसतो, तो आपल्या कुळाच्या उगमाशी आलेला असतो. दुकानांतला माल बघताना हे ध्यानात ठेवावे लागते.

प्रसिद्ध वास्तूची आठवण म्हणून विकली जाणारी वस्तू बहुधा त्या वास्तूची छोटी प्रतिकृती असते. ताजमहाल संगमरवरात येतो, आयफेल टॉवर किल्लीच्या कडीला लटकतो, गेटवे ऑफ इंडिया फ्रीजच्या दारावर चिकटतो. या सगळ्यांना बाहेरची रेषा आहे, आणि रेषा असली की साचा करता येतो. गुहेला अशी रेषा नसते. कचारगडची मुख्य गुहा प्रशस्त आहे, वरून उजेड आत उतरतो, आशियातली सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा म्हणून तिचे वर्णनही हमखास केले जाते. पण तिचे चित्र बिल्ल्याएवढे केले तर राखाडी दगडात एक काळा डाग, एवढेच उरेल. त्यामुळे कचारगडच्या वस्तूंवर कचारगड शोधू गेल्यास तो फारसा सापडत नाही.

त्याऐवजी सापडतो तो हत्तीवर आरूढ झालेला सिंह. हे गोंड राजसत्तेचे चिन्ह. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर ते दगडात कोरलेले आहे, आणि चंद्रपूर इथून रस्त्याने दोनशे किलोमीटरहून अधिक लांब. दुसरी खूण म्हणजे 750 हा आकडा. बिल्ल्यावर, दुपट्ट्याच्या टोकाला, मोटारसायकलच्या पुढच्या पट्टीवर तो असतो, सोबत ‘जय सेवा’ हे गोंडी अभिवादन. या आकड्यामागे एक व्यवस्था आहे. प्रत्येक कुळाने एक प्राणी, एक पक्षी आणि एक वनस्पती राखायची, त्यांना इजा करायची नाही. 750 कुळांचे मिळून 2,250 जीव होतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याला तो आकडा गाडीच्या क्रमांकासारखा वाटतो. ज्याला ठाऊक आहे, त्याला वेगळ्या चित्राची गरज पडत नाही.

तिसरी खूण अक्षरांची. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. ते बालाघाट जिल्ह्याचे, म्हणजे गोंदियाच्या अगदी शेजारचे. ही लिपी 2017मध्ये युनिकोडमध्ये आली. तोवर छापणाऱ्याकडे टंक नसला की अक्षरे हाताने काढून त्यांचे चित्र करावे लागे, नाही तर मजकूर सरळ देवनागरीत घालावा लागे. आजही बऱ्याच वस्तूंवर देवनागरीच दिसते. गिऱ्हाईक तीच वाचते, याला इलाज नाही.

मालात दुपट्टा सर्वांत जास्त नजरेत भरतो. तो पिवळा असतो. पिवळ्या कापडाचे तुकडे करून त्यांवर स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीवर उजेडाने घट्ट होणारा लेप देतात. चिन्हाची पारदर्शक फिल्म वर ठेवून उजेड दिला की चिन्हाने झाकलेला भाग कच्चा राहतो आणि पाण्याने निघून जातो. तेवढ्याच भागातून शाई खाली उतरते. चौकट कापडावर टेकवायची, शाई ओतायची, रबरी पट्टी एका दाबाने ओढायची, चौकट उचलायची. रंग दोन असतील तर चौकटी दोन, आणि दुसरी चौकट पहिल्या छापावर नेमकी बसली पाहिजे. नाही तर सिंह हत्तीवरून घसरतो. बारीक रेषेची अक्षरे खरबरीत कापडावर फुटतात, म्हणून दुपट्ट्यावरचा मजकूर ठसठशीत आणि थोडा ठेवलेला बरा.

या कामात एक चूक सहज होण्यासारखी आहे. फिल्म उलटी ठेवली गेली तर छाप आरशातल्यासारखा उलटा येतो. अक्षरे असतील तर ती लगेच खटकतात. पण काही बिल्ल्यांवर आणि कापडांवर आकड्याभोवती फिरता बाण असतो, आणि तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. गोंडी रीतीत फेरेही त्याच दिशेने घेतात. बाण आणि आकडा वेगवेगळ्या चौकटींतून छापले आणि बाणाची फिल्म उलटली, तर अनोळखी डोळ्याला काहीच बिघडलेले दिसणार नाही. जत्रेतल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मात्र तो माल वाया गेला.

बिल्ल्याचे तंत्र सोपे, पण त्यात मापाला महत्त्व आहे. पत्र्याची उथळ टोपी, तिच्यावर छापील कागदाची चकती, तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक, हे तिन्ही हातदाबाच्या यंत्रात ठेवून एकदा दांडा दाबतात. मग खालच्या खोबणीत पिनेची मागची बाजू ठेवून पुन्हा दाबतात. दुसऱ्या दाबात कागद आणि प्लास्टिक यांची कड मागे मुडपून पक्की बसते. त्यामुळे 58 मिलिमीटरच्या बिल्ल्याला साधारण 70 मिलिमीटरची चकती लागते. कडेला गोलाकार लिहिलेला मजकूर या मुडपीत गेला की ‘जय सेवा’तला ‘जय’ पाठीमागे जातो. जाणकार छापणारा म्हणून कडेला मोकळी जागा सोडतो.

दुपट्टे आणि बिल्ले यांच्या शेजारी पुस्तके, दिनदर्शिका आणि तसबिरी असतात. लिंगो आणि जंगो यांच्याबरोबर राणी दुर्गावती, बाबूराव शेडमाके, कोमाराम भीम, बिरसा मुंडा. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांची जशी विक्री होते, त्याच जातीची ही विक्री आहे. आकार लहान, ओढ तीच.

जिल्ह्यातल्या इतर नामांकित ठिकाणांशी तुलना केली की फरक कळतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013मध्ये जाहीर झाला. वाघाचे तोंड छापलेला टी-शर्ट ताडोबातही मिळतो, पेंचमध्येही मिळतो; खालचे नाव तेवढे बदलते. सारस पक्ष्याचे तसे नाही. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ याच भागात उरला आहे, त्याची लांब मान आणि लाल डोके एका रेषेत ओळखू येते, आणि कुठल्याही कारागिराला तो सोपा आहे. तरी जिल्ह्याची वस्तू म्हणून त्याला अजून म्हणावा तसा कुणी हात घातलेला नाही. हाजरा धबधब्याची आठवण तर लोक मोबाइलमध्येच नेतात.

कचारगडच्या मालावर गुहा नसते, याचा विक्रेत्याला रोकडा फायदा आहे. जत्रा संपल्यावर दिनदर्शिका महिन्यागणिक शिळी होते. दुपट्टा आणि बिल्ला शिळे होत नाहीत. उरलेला गठ्ठा 24 जूनला राणी दुर्गावतीच्या बलिदान दिनाला, 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, 21 ऑक्टोबरला शेडमाकेंच्या स्मृतिदिनी चंद्रपुरात आणि 15 नोव्हेंबरला बिरसा जयंतीला खपण्याजोगा राहतो. त्यातूनही उरलेला माल पुढच्या माघात धनेगावच्या वाटेवर मांडता येतो.