मनाचें दुखणें आणि घरचीं माणसें

घरांत कोणास ताप आला तर रात्रीं दोन वाजतां डॉक्टरांचें दार ठोठावण्यास आपण मागेंपुढें पाहत नाहीं. परंतु त्याच माणसाची झोप दोन महिने उडाली, जेवणावरची वासना गेली, तर सारें घर ‘होईल हळूहळू’ असें म्हणून गप्प बसतें. असें कां व्हावें, हा प्रश्न गतवर्षीं एका परिचित कुटुंबाच्या निमित्तानें आमच्यापुढें उभा राहिला. त्यांच्या अनुमतीनें, नांवें गाळून, ती हकीकत येथें देत आहों.

हें कुटुंब चिंचवडचें. अण्णांची सारी नोकरी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्यें झाली. १९५४ सालीं निघालेल्या या सरकारी कारखान्यानें देशी पेनिसिलिन तयार केलें, याचा त्यांस अद्यापि अभिमान वाटतो. थोरले चिरंजीव चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत अभियंते आहेत. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर भोसरी-पिंपरीच्या माळावर कारखान्यांचें जें जाळें पसरत गेलें, तें आतां चाकणच्या कांद्याच्या बाजारापलीकडे पोंचलें आहे. यंत्र रात्रीं थांबत नाहीं, म्हणून माणसानेंहि जागावें. एक आठवडा दिवसपाळी, पुढला रात्रपाळी. शरीराचें घड्याळ असें वरचेवर फिरविलें कीं झोप बिघडते, आणि झोप बिघडली कीं मनाचा तोल सांभाळणें कठीण होतें.

या गृहस्थांचें तसेंच झालें. रात्रपाळीहून आले तरी ते निजत नसत. गच्चीवर एकटे बसून राहत. धाकट्या मुलीनें हांक मारली तर दचकत. गणपतीच्या आरतीस उभे राहिले, तेव्हां टाळ त्यांच्या हातांत तसेच राहिले.

घरच्यांनीं आपापल्या परीनें उपाय केले. माईंनीं दृष्ट काढली. आत्याबाईंनीं अंगारा पाठविला. अण्णा म्हणाले, “अरे, आम्हीं काय कमी कष्ट काढले? मन खंबीर कर!” धाकट्या भावानें एके दिवशीं जेवतांना, सर्वांसमक्ष, “दादा, तूं एकदां मानसोपचारतज्ज्ञांना दाखव,” असें सांगून टाकलें. दादा पानावरून उठून गेले. सल्ला खरा होता. वेळ मात्र चुकली. भरल्या पंक्तींत सांगितलेला उपाय ऐकणाऱ्यास निवाड्यासारखा लागतो.

शेवटीं हें काम वहिनींनीं केलें. रविवारीं दुपारीं, घर निजलें असतां, त्या गच्चीवर गेल्या. “तुम्हांला काय झालें आहे हें मला ठाऊक नाहीं,” त्या म्हणाल्या, “पण श्रावणापासून तुम्ही नीट झोपलां नाहींत, जेवण अर्ध्यावर टाकतां, हें मी रोज पाहतें. मला भीति वाटते.” मग त्यांनीं जें विचारलें, तें विचारण्यास धैर्य लागतें. “जीव नकोसा वाटतो का हो?”

बराच वेळ उत्तर आलें नाहीं. मग, “कधीं कधीं,” एवढेंच ते म्हणाले.

वहिनी रडल्या नाहींत, रागावल्याहि नाहींत. “उद्यां आपण दोघें डॉक्टरांकडे जाऊं. एकदांच. पुढचें तुम्ही ठरवा,” असें म्हणून शेजारीं बसून राहिल्या. मरणाविषयीं विचारल्यानें तो विचार मनांत भरतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खोटी आहे. आपुलकीनें विचारल्यास माणसाचें ओझें हलकें होतें, असाच तज्ज्ञांचा अनुभव आहे.

अण्णांस हें कळलें तेव्हां, “गोळ्यांची संवय लागेल,” अशी शंका त्यांनीं काढली. वहिनी शांतपणें म्हणाल्या, “अण्णा, पस्तीस वर्षें तुम्हीं लोकांसाठीं औषधेंच केलींत ना?” अण्णा निरुत्तर झाले. त्या रात्रीं ते मुलाच्या खोलींत गेले व आजवर कोणास न सांगितलेली गोष्ट त्यांनीं सांगितली. चाळिशींत त्यांचीहि झोप सहा महिने गेली होती. पवनेच्या कांठीं मोरया गोसाव्यांच्या देवळांत ते तासन्‌तास बसत, तें केवळ भक्तीनें नव्हे. “मीं कोणाजवळ बोललों नाहीं, तें चुकलें,” असें बापानें मुलाला म्हणावें, याहून मोठा आधार कोणता?

गीता आपल्याकडे घरोघरीं वाचली जाते. तिचा आरंभ नीट पाहावा. अर्जुन खचला तेव्हां भगवंतांनींहि प्रथम कानउघाडणीच केली, आणि तेवढ्यानें तो उठला नाहीं. त्यानें आपलें दुःख पुरतें बोलून स्वतः मार्ग विचारला, त्यानंतरच उपदेशास प्रारंभ झाला. आधीं ऐकणें, मग सांगणें, हा क्रम आपण घरांत उलटा करतों.

आतां कोणाकडे जावें, याविषयीं थोडेंसें. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असून औषध देऊं शकतात. मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक संभाषणाच्या शास्त्रीय पद्धतीनें उपचार करतात. पुष्कळदां दोन्हींची गरज असते. उदासीनतेवरील औषधांचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात. तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत. पिंपरीस महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठींतहि बोलतां येतें. जीवास धोका आहे असें वाटल्यास मात्र त्या माणसास एकटें न सोडतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

‘नोकरींत कळलें तर? मुलींच्या लग्नांत आडवें आलें तर?’ या शंका खऱ्या आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें उपचाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क रुग्णास दिला आहे. शिवाय हें दुखणें विरळ नव्हे. २०१५-१६ मध्यें बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें १२ राज्यांत केलेल्या पाहणींत १०० प्रौढांपैकीं सुमारें १० जणांस कोणता ना कोणता मनोविकार आढळला, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांवांचून होते. कॅनडांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनीं पत्नीचें असें दुखणें लपविलें नाहीं. त्या अनुभवांतूनच पुण्यांत स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली, आणि २००४ सालच्या ‘देवराई’ या चित्रपटासहि त्यांचें पाठबळ लाभलें.

चिंचवडचे आमचे ते गृहस्थ दुसऱ्या दिवशीं गेले नाहींत. चौथ्या दिवशीं गेले. वहिनी बरोबर होत्या. औषध अद्यापि चालू आहे, रात्रपाळी सुटली आहे, कांहीं दिवस बरे जातात, कांहीं जड. यंदा गणपतींत आम्ही त्यांच्याकडे आरतीस होतों. दादांच्या हातांतील टाळ मध्येंच थांबले. धाकट्या मुलीनें वर पाहिलें, पण ती कांहीं बोलली नाहीं. आणि थोड्या वेळानें ते पुन्हां वाजूं लागले.