ओढणाराच बादलीत

दिवाळी उलटली, कापसाची वेचणी जोरात आली की घाटंजीकडच्या शाळांत सहलीची बोलणी सुरू होतात. एसटीची लाल गाडी ठरते आणि पोरं डबे घेऊन पहाटे अंधारातच हजर होतात. यवतमाळवरून जा की पांढरकवड्यावरून, नागपूर दीडशे किलोमीटरच्या पुढेच. वाटेत जमलं तर सेवाग्राम, मग दीक्षाभूमी, महाराजबाग, आणि या सगळ्यात कुठेतरी कोंबलेलं गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र. त्याच्या वाट्याला तास-दीड तास आला तरी डोक्यावरून पाणी. माझं गाऱ्हाणं आहे ते याच तासाबद्दल.

केंद्र 7 मार्च 1992 रोजी सुरू झालं, तारांगण 5 जानेवारी 1997 रोजी. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या कुटुंबातलंच हे एक. नाव सी. व्ही. रामन यांचं, आणि ते नागपूरला अगदीच परकं नाही. नोबेल मिळाल्यावर (1930) त्यांना जग ओळखू लागलं. त्याच्या कितीतरी आधी ते अर्थखात्यात नोकरी करत होते आणि बदलीच्या फेऱ्यात काही काळ नागपूरच्या कचेरीतही होते. दिवसा सरकारी हिशेब, उरलेल्या वेळात वाद्यांच्या तारांचा आणि ध्वनीचा अभ्यास.

अशा केंद्रांचं मर्म म्हणजे यंत्राची मूठ प्रेक्षकाच्या हातात देणं. हा प्रयोग म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमने फार पूर्वीच केला होता. पुढे 1969 मध्ये फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ उघडलं आणि या कल्पनेला जोर आला. आपल्याकडे ती विज्ञान उद्यानांत उघड्यावर, झाडांखाली नांदते.

अशा उद्यानांत हमखास दिसतो तो कप्पीचा पाळणा. घाटंजीच्या पोरांना कप्पी काही नवी नाही. विहिरीवर ती पाहिलेली असते: 15 किलोची बादली वर काढायची तर जोरही 15 किलोचाच लागतो, कप्पी फक्त ओढायची दिशा बदलते. इथे मात्र ओढणाराच बादलीत बसलेला. 30 किलोचं पोर खुर्चीत बसतं, वरच्या कप्पीवरून आलेला दोर स्वतःच धरतं आणि साधारण 15 किलोच्या जोरावर स्वतःलाच उचलतं, कारण दोराची दोन्ही टोकं आता त्यालाच वर नेत असतात. शेजारच्या खुर्चीला कप्प्या जास्त, म्हणून जोर आणखी कमी. पण हात दुप्पट-तिप्पट चालवावे लागतात आणि खुर्ची गोगलगायीसारखी चढते. जोरात वाचलं ते दोरात गेलं! हे पाटीवर लिहिलेलं असतंच, पण पाटी कोण वाचतो? दोन्ही खुर्च्यांत आळीपाळीने बसलेलं पोर आपसूकच विचारतं, ‘ही हलकी, मग हळू का?’

प्रश्न पडायला दुसऱ्यांदा बसावं लागतं, आणि तेवढ्यात गुरुजींची शिट्टी वाजते.

सगळीच मांडणी अशी नसते, हेही सांगायला हवं. बटण दाबलं, दिवा लागला, आवाज आला, संपलं, अशी प्रात्यक्षिकं कुठल्याही विज्ञान केंद्रात सापडतात. त्यांच्यासमोर पोरं बटण बडवतात आणि पुढे पळतात. हाताने काही बदललं की निकालही बदलला पाहिजे. फिरत्या खुर्चीवर हात पसरले की वेग मंदावतो, छातीशी घेतले की गरगर वाढते. तिथली रांग हलता हलत नाही ती याचमुळे. नवीन पडद्यांचं मला फारसं कौतुक नाही. तशी करमणूक पोराच्या घरच्या मोबाईलमध्येही असते.

आता सहलीचे पैसेच न भरू शकलेल्या पोरांचं काय? तांड्यावरची, पोडावरची अशी पोरं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी एक जुनी सोय आहे. कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने 1965 मध्ये सरोज घोष यांच्या पुढाकाराने विज्ञान प्रदर्शन गाडीत घालून खेड्यांकडे नेलं. 1978 मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद झाली आणि फिरत्या प्रदर्शनांची ही पद्धत तिने देशभर चालवली. गाडी शाळेच्या आवारात उभी राहते आणि गावातली मोठी माणसंही डोकावतात. तालुक्यातल्या मुख्याध्यापकांनी मिळून अशा गाडीसाठी केंद्राकडे अर्ज करावा. आणि गाडी आलीच, तर वर्गवार रांगा लावून दहा मिनिटांत पोरांना बाहेर काढू नये.